खराट्याचा वसा : संत गाडगे महाराज यांचे जीवन आणि आपले घर

चांदे (ता. मुळशी, जि. पुणे) : आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घराघरांत साफसफाईची लगबग सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पडदे धुतले जातात, भिंतींना रंग लागतो आणि ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्यासाठी एक कोपरा मोकळा केला जातो. नाताळच्या आदल्या रात्री आपले घर आरशासारखे लखलखत असते. मात्र नववर्षाचा पहिला आठवडा उलटतो न उलटतो तोच खुर्चीवर कपड्यांचा ढीग साचतो, ओट्यावर खरकटी भांडी रात्रभर पडून राहतात आणि पुढच्या नाताळपर्यंत माळ्याकडे कोणी डोकावतही नाही. हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांचा आहे.

याच आगमनकाळात, नाताळच्या अवघ्या पाच दिवस आधी, २० डिसेंबर रोजी महाराष्ट्र एका थोर पुरुषाची पुण्यतिथी पाळतो. त्यांनी आयुष्यभर वर्षातून एकदा नव्हे, तर दररोज सफाई केली, आणि तीही स्वतःच्या घराची नव्हे, तर परक्या गावांची. ते म्हणजे संत गाडगे महाराज. ते ख्रिस्ती नव्हते. वारकरी परंपरेच्या छायेत वाढलेले ते कीर्तनकार होते. तथापि अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील कशाचाही ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दिली आहे. त्या शिकवणीला अनुसरून बाबांच्या जीवनाकडे आपण आदराने पाहू या.

देबूचे बालपण

गाडगे महाराजांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी आणि आई सखुबाई. लोकांचे मळके कपडे नदीवर नेऊन स्वच्छ करणे हा घराचा परंपरागत व्यवसाय. परंतु वडिलांना दारूचे व्यसन जडले. त्या व्यसनाने आधी घर पोखरले आणि मग त्यांचाच बळी घेतला. देबू तेव्हा लहान होता. विधवा सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आल्या.

आजोळी देबूला शाळा मिळाली नाही. मिळाली ती गुरे. पहाटे उठून गोठा झाडावा, शेण काढावे, गुरांना पाणी दाखवावे आणि दिवसभर त्यांच्यामागे रानात हिंडावे, हा त्याचा दिनक्रम होता. पुढे ज्या हातांनी शेकडो गावांचे रस्ते झाडले, त्या हातांना झाडण्याची सवय लागली ती या गोठ्यात. मोठा झाल्यावर तो मामांच्या शेतीत राबू लागला. नांगरणी असो वा पेरणी, देबूजीच्या कामाला तोड नाही असे गावात म्हटले जाई.

याच काळात मामांचे शेत सावकाराच्या कर्जात सापडले. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसल्याने भोळ्या शेतकऱ्याची कशी नागवणूक होते, हे देबूजींनी अगदी जवळून पाहिले. या धक्क्याने मामा खचले आणि त्यांचा अंत झाला. दारूने वडील नेले आणि कर्जाने मामा. पुढे बाबांच्या प्रत्येक कीर्तनात व्यसन, कर्ज आणि निरक्षरता हे तीन विषय येत, त्याचे मूळ या दोन मृत्यूंमध्ये होते.

१८९२ साली देबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुले झाली. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण घालण्याची चाल होती. देबूजींनी ती मोडली आणि गोडाधोडाचे जेवण वाढले. लोक रागावले, परंतु ते डगमगले नाहीत. ज्या दारूने बापाचे घर उद्ध्वस्त केले, ती आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, असा त्यांचा निर्धार होता. घर स्वच्छ ठेवण्याची त्यांची सुरुवात केरकचऱ्यापासून नव्हे, तर अशी व्यसनापासून झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

घराचा निरोप

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि मातीच्या गाडग्याचे एक खापर एवढाच त्यांचा संसार उरला. ते खापर उन्हात डोक्यावर टोपी होई आणि भुकेच्या वेळी ताट होई. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीमुळे काही ठिकाणी ते गोधडे महाराज म्हणूनही ओळखले जात. पुढची बारा वर्षे ते गावोगाव हिंडले. कोणी वेडा समजून हाकलले, कोणी चोर समजून मारले, तर कोणी शिळी भाकरी दिली.

येथे एक प्रश्न आपल्या मनात उभा राहील आणि तो राहिलाच पाहिजे. ज्याने स्वतःचे घर सोडले, त्याच्याकडून घर नीट ठेवण्याचा धडा आपण कसा घ्यावा? देबूजी गेले तेव्हा घरात वृद्ध आई होती, पत्नी होती, लहान मुले होती. त्यांच्या वाट्याला आलेले कष्ट थोडे नव्हते. पुढे बाबांच्या शब्दाखातर लाखो रुपये जमू लागले, तेव्हाही त्यांनी त्यातील एक पैसाही कुटुंबासाठी वापरू दिला नाही. मूर्तिजापूर येथे कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या. बाबांच्या थोरवीचा हिशेब करताना कुंताबाईंच्या त्यागाची रक्कम त्यात धरली नाही, तर तो हिशेब अपुरा राहील. विवाह संस्कार स्वीकारलेल्या आपणांस बाबांचा हा मार्ग अनुसरायचा नाही. आपली सेवा घरातूनच सुरू होते. परंतु परक्यांच्या अंगणासाठी एक मनुष्य एवढे करू शकला, तर आपल्या स्वतःच्या अंगणासाठी आपण किती करतो, हा प्रश्न मात्र त्यांचे जीवन आपणांस विचारते.

दिवसा खराटा, रात्री कीर्तन

बाबांची रीत ठरलेली होती. गावात पाऊल टाकताच ते कोणाच्या ओसरीवर बसत नसत. वेशीपासूनच खराटा चालवू लागत. रस्ते, देवळाचा परिसर, पाणवठ्याची वाट, तुंबलेली गटारे सारे ते साफ करीत. चिंध्या ल्यालेला हा कोण मनुष्य, म्हणून आधी पोरे जमत, मग मोठी माणसे. कोणी लाजून हातातला खराटा मागे, कोणी घरून टोपली आणी. दुपारपर्यंत अर्धे गाव कामाला लागलेले असे. कोणी मोबदल्यात जेवण देऊ केले, तर आधी काही काम करू द्या असा त्यांचा आग्रह असे. फुकटचा घास त्यांना पचत नसे.

गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. त्यांच्या कीर्तनात पांडित्य नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांकडूनच काढून घेत. देव कोठे आहे, कर्ज कोणी काढले, दारू कोण पितो, मुलगा शाळेत जातो का, देवापुढे मुके जनावर का कापता, अस्पृश्य म्हणून माणसाला दूर का ठेवता, असे ते प्रश्न असत. लोक आधी हसत, मग अंतर्मुख होत. दिवसा रस्ता स्वच्छ आणि रात्री मने स्वच्छ, अशी त्यांची दिनचर्या होती. येथे क्रमाला महत्त्व आहे. त्यांनी आधी उपदेश करून मग काम सांगितले नाही. आधी काम केले आणि मग उपदेश केला. त्यामुळे त्यांचा शब्द रिकामा पडला नाही.

पाया पडायला येणाऱ्यांपासून ते दूर पळत. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले. पंढरपूरच्या वारीला ते जात, परंतु देवदर्शनाच्या रांगेत उभे न राहता यात्रेकरूंनी केलेली घाण काढीत. त्या काळी मोठ्या यात्रांत पटकीची साथ उसळे आणि घाण झालेल्या पाण्यातून ती पसरून असंख्य माणसे दगावत. त्यामुळे बाबांचा खराटा ही केवळ टापटिपीची हौस नव्हती. त्यामागे माणसांच्या जिवाची काळजी होती.

एकदा कीर्तन रंगात आलेले असताना त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी येऊन पोहोचली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा कठोरपणा होता की सोसण्याची पराकाष्ठा, याचा निवाडा आपण करू नये. पुत्रवियोगाचे दुःख काय असते हे कालवारीवरील क्रुसाखाली उभी राहिलेली पवित्र माता जाणते.

धर्मशाळा, शाळा आणि अखेरचा प्रवास

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी संत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी राहण्याची सोय केली. आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना अन्नवस्त्र देणे हे त्यांचे आवडते काम होते. स्वतः निरक्षर असलेल्या या माणसाने वसतिगृहे आणि शाळा यांना सढळ हाताने मदत केली. १९५२ साली त्यांच्या नावाने मिशनची स्थापना झाली आणि हे कार्य पुढे चालू राहिले. एवढे सारे उभारूनही यातील एकाही इमारतीत ते मालक म्हणून राहिले नाहीत.

त्यांचे अखेरचे कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झाले. मोत मावलीच्या यात्रेमुळे आपणां सर्वांच्या परिचयाच्या असलेल्या या उपनगरात त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर वाहनातच त्यांची प्राणज्योत मालवली. आपली मूर्ती किंवा स्मारक उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षी त्यांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. आर. आर. पाटील हे तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. अनुदानाची वाट न पाहता लोकांनी स्वतःच्या श्रमाने गाव स्वच्छ करावे, हे त्या अभियानाचे सूत्र होते. बाबांचे खरे स्मारक हेच होय.

झाडू हाती धरलेले आपले संत

ख्रिस्तसभेतही असाच एक झाडूचा संत आहे. संत मार्टिन द पोरस यांचा जन्म १५७९ साली पेरू देशातील लिमा शहरात झाला. वडील स्पॅनिश उमराव आणि आई गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. वर्णामुळे त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. डोमिनिकन मठात ते आधी केवळ सेवक म्हणून राहिले. मठ झाडणे, कपडे धुणे आणि रुग्णांची शुश्रूषा करणे हेच त्यांचे धर्मकार्य होते. १६३९ साली त्यांना देवाज्ञा झाली आणि पोप तेविसावे योहान यांनी १९६२ साली त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या चित्रांत आणि पुतळ्यांत बहुधा त्यांच्या हाती झाडू दिसतो. लिमा आणि वऱ्हाड यांच्यामध्ये महासागर आहेत, दोघांमध्ये तीन शतकांचे अंतर आहे, धर्म वेगळे आहेत. परंतु ज्या कामाला जग हलके मानते तेच काम दोघांनी सन्मानाने हाती घेतले.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजासाठी या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. आपणांपैकी अनेकांच्या पूर्वजांवर गाव झाडण्याचे आणि मेलेली जनावरे ओढण्याचे काम जन्मानेच लादले गेले होते. आजोबांच्या हाती जबरदस्तीने दिलेला झाडू नातवाच्या हाती पुन्हा येऊ नये, असे एखाद्या कुटुंबाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. बाबांनी या दुखण्यावर नेमका इलाज केला. त्यांनी भर चौकात स्वखुशीने खराटा उचलला आणि पाटलापासून पोरापर्यंत सर्वांना त्याच कामात ओढले. सगळेच झाडू लागले की झाडणारा हलका राहत नाही. प्रभू येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा सेवकाचे काम गुरूचे झाले, तसेच हे आहे.

म्हणून आपल्या घरात झाडू कोणाच्या हाती असतो, हे एकदा पाहावे. तो केवळ आईच्या, सुनेच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईच्याच हाती असेल, तर घर स्वच्छ दिसले तरी घरातील न्याय अस्वच्छ आहे.

आपल्या घरासाठी

एकेकाळी निव्वळ शेतीवर जगणाऱ्या चांदे गावाच्या परिसरापर्यंत आता पुणे शहर वाढत आले आहे. जुनी घरे आणि नवी संकुले शेजारी शेजारी उभी आहेत. अंगण असलेले घर असो की दोन खोल्यांची सदनिका, रोजच्या सफाईची सूत्रे सारखीच आहेत आणि त्यांना फारसा वेळ लागत नाही.

सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाने आपले अंथरूण स्वतः घडी करून ठेवावे. लहान मुलांनाही हे जमते. त्यानंतर घर आणि दारापुढची जागा झाडून घ्यावी. केर लगेच भरून घ्यावा. तो शेजाऱ्याच्या हद्दीत लोटणे ही सफाई नव्हे, ती घाणीची बदली झाली. घेतलेली वस्तू काम होताच जागेवर ठेवावी, म्हणजे पसारा आवरण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी भांडी घासून ओटा पुसावा, कारण खरकट्यावर झुरळे आणि उंदीर पोसले जातात. ओला व सुका कचरा पहिल्यापासूनच वेगळा ठेवावा. आठवड्यातून एक दिवस पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासून कोरडा करावा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याच्या वाढीला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. शनिवारी एकच कोपरा, एकच कप्पा किंवा एकच खिडकी साफ केली, तरी वर्षअखेरीस माळ्याचे ओझे उरत नाही.

ही कामे घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत. वडिलांनी मोरी घासली, मुलाने केर काढला, तर मुलांना श्रमप्रतिष्ठेचा वेगळा पाठ द्यावा लागणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाण्याची बचत आणि कचऱ्याचे वर्गीकरण यांसारख्या लहान लहान दैनंदिन कृतींना सृष्टीवरील प्रेमाचे स्थान दिले आहे, याचीही येथे आठवण ठेवावी.

झाडलेले घर आणि आतील पाहुणा

संत लूकच्या शुभवर्तमानातील ती स्त्री आपल्या परिचयाची आहे. हरवलेले एक नाणे शोधण्यासाठी ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. झाडता झाडता हरवलेले सापडते, हा अनुभव घरातही येतो आणि अंतःकरणातही. संत मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र एक इशारा आहे. घर झाडून सुशोभित केलेले आहे, परंतु ते रिकामे आहे, तेव्हा बाहेर गेलेला दुष्टात्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. याचा अर्थ असा की, केवळ झाडणे पुरेसे नाही. झाडलेल्या घरात कोणाला बसवायचे, हेही ठरवावे लागते. बारशाच्या दिवशी दारूला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या देबूजींना हे मर्म उमगले होते. चकचकीत दिवाणखान्यात व्यसन, भांडण आणि अबोला नांदत असेल, तर फरशी कितीही पुसली तरी ते घर मळकटच राहील.

प्रिय बंधुभगिनींनो, यंदा नाताळची सफाई करताना २० डिसेंबर हा दिवस ध्यानात ठेवू या. त्या दिवशी कुटुंबातील प्रत्येकाने अर्धा तास घर, जिना किंवा गल्ली झाडावी आणि संध्याकाळी एकत्र बसून पवित्र रोझरीची प्रार्थना करावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करावे, तिसऱ्या दिवशीही करावे. नाताळ संपल्यावर देखावा उचलून ठेवला, तरी खराटा मात्र ठेवून देऊ नये. ज्या बालकाला बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा मिळाली नाही आणि जो गुरांच्या गव्हाणीत निजला, त्याच्यासाठी मारिया आणि योसेफ यांनी ती गव्हाण आपल्या परीने नीटनेटकी केलीच असेल. आपले घर लहान असो वा मोठे, प्रभू तेथे दररोज येऊ इच्छितो. त्याच्या स्वागताची तयारी दररोजची असावी, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.